लक्ष्मीपूजनाच्या पुड्या आणि सात किलो चिल्लर

बाईंच्या परवानगीने हे लिहितो आहे. त्यांचं नाव आणि गाव गाळलं आहे, घरच्यांची ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. नाणी, त्यांची संख्या आणि आमचे निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. बरोबर ठरलेलेही आणि चुकलेलेही.

पार्श्वभूमी

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं, १९५५ ते १९९४. दुकान बंद झालं तेव्हा गल्ल्यातली चिल्लर पत्र्याच्या दोन डब्यांत भरून माळ्यावर गेली आणि घर विकायची वेळ येईपर्यंत तिथेच राहिली. मी नाणी जमवतो हे बाईंना माहीत होतं. त्यांनी फोन केला, "अरे, सात किलो भरतंय. भंगारात देऊ का कुणाला दाखवू?"

मोठ्या डब्यात साधारण ३,७०० सुटी नाणी होती. १ पैशापासून ५० पैशांपर्यंत सगळी सरमिसळ. दुसऱ्या, लहान डब्यात खतावणीच्या कागदाच्या २४ पुड्या होत्या. वडील दर दिवाळीला बँकेतून कोरी नाणी आणत, लक्ष्मीपूजनात मांडत, हळदकुंकू वाहत आणि पाडव्याला पुडी बांधून ठेवत. प्रत्येक पुडीवर शाईने साल लिहिलेलं. सर्वांत जुनी १९५८ ची, सर्वांत नवी १९९२ ची, मधली काही सालं गहाळ. वीस पुड्यांत ११ नाणी, चार पुड्यांत २१. एकूण ३०४.

पेच कुठे होता

मी पोचायच्या आधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या.

पहिली म्हणजे फसवणूक. बाईंच्या भाच्याने व्हिडिओ पाहिला होता, गेंड्याचं २५ पैशांचं नाणं लाखांत जातं असा. डब्यात तशी दीडशेच्या वर निघाली. त्याने एका जाहिरातीवर फोटो पाठवले. समोरच्याने ५ लाखांचा भाव सांगितला आणि 'नोंदणी'चे ९९९ रुपये मागितले. भाच्याने ते भरले. मग रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह छापलेलं एक पत्र आलं आणि जीएसटीपोटी ४,५०० रुपयांची मागणी झाली. तिथे बाईंना शंका आली.

हे नाणं स्टेनलेस स्टीलचं, १९८८ ते २००२ या काळातलं, देशातल्या चारही टाकसाळींनी पाडलेलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराच्या देव्हाऱ्यात, शिवणाच्या डब्यात, जुन्या पर्सच्या तळाशी ते अजून सापडतं. लाखांचा भाव येण्यासारखं त्यात काही नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढलं आहे: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत, बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. मी ते बाईंना वाचून दाखवलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ९९९ रुपये परत आले नाहीत, पण ४,५०० वाचले.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. भाव चांगला यावा म्हणून भाच्याने मोठ्या डब्यातली ४३ नाणी चिंच आणि राखेने घासून ठेवली होती. त्यात कमळाची २० पैशांची जवळजवळ सगळी होती. हे १९६८ ते १९७१ मधलं निकेल-ब्रासचं नाणं. पिवळ्या रंगामुळे त्यात सोनं असल्याची आवई एके काळी घरोघर होती. सोन्याचा कणही त्यात नाही, पण नाणं देखणं आहे आणि लोकांना हवं असतं. घासलेली नाणी ताटात मांडली होती, भांड्यांसारखी लखलखीत. घरातल्या माणसाला ती नवी वाटतात, संग्राहक मात्र अशा नाण्याला हात लावत नाही.

फरक डोळ्यांनी दिसतो. टाकसाळीतून आलेलं नाणं एकाच दिव्याखाली धरून हळूहळू फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्याच्या अंगावरून चाकाच्या आरीसारखा फिरतो. साच्याच्या दाबाखाली धातू पसरताना पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांची ही चमक. घासलं की त्या रेषा जातात. उजळपणा राहतो, पण प्रकाश फिरत नाही, आणि भिंगाखाली एकमेकींवर गेलेले केसांसारखे ओरखडे दिसतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. बाईंनी एक घासलेलं आणि एक न घासलेलं नाणं शेजारी ठेवून फिरवलं आणि भाच्याला हाक मारली, "ये, बघ इकडे." त्या दिवसापासून घरात कुणी नाण्याला पाणीसुद्धा लावलं नाही.

समोर कोणते पर्याय होते

बँकेत भरणं बाद होतं. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत. ५० पैसे अजून कायदेशीर चलन आहे, पण ९० नाण्यांचे ४५ रुपये. त्यासाठी खेप घालण्यात अर्थ नव्हता, आणि त्यातली काही चाळायची होती.

भंगार हा पर्याय मी पहिल्याच दिवशी खोडला. ॲल्युमिनियमचा १ पैसा पाऊण ग्रॅमचा, म्हणजे किलोला तेराशेच्या वर नाणी मोजून द्यायची आणि हातात जुन्या पातेल्याचे पैसे घ्यायचे.

तिसरा पर्याय व्यापाऱ्याला सरसकट देण्याचा. शहरातल्या एकाने फोटो पाहून सगळ्याचे २,००० रुपये सांगितले. माणूस प्रामाणिक होता. तो म्हणाला, "न निवडलेल्या मालाला एवढंच. निवडून आणा, मग बोलू." हा सल्ला त्याच्या भावापेक्षा मोलाचा निघाला.

परदेशी संस्थेकडून नाण्यांचं ग्रेडिंग करून घ्यावं असं भाच्याने सुचवलं. त्या १ ते ७० च्या शेल्डन मापावर दर्जा ठरवून नाणं बंद डबीत घालून देतात. दर नाण्याचं शुल्क असतं आणि पोस्ट-विमा वेगळा. नेहमीच्या चलनातल्या पैशांच्या नाण्याला हा खर्च पेलत नाही, नाणं त्या सालातलं अपवादात्मक असेल तरच. एकाही नाण्यासाठी तो करायचा नाही असं ठरलं.

शेवटचा पर्याय म्हणजे निवडणं. वेळखाऊ काम. बाई म्हणाल्या, "पेपर तपासायची सवय आहे मला. सांग कसं करायचं." तिथे प्रश्न सुटला.

निवड कशी केली

साधनं तीन: दहापट भिंग, साधं लोहचुंबक आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. हातमोजे नव्हते. नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट नाही, एवढा नियम.

आधी किंमतवारी, मग धातू, मग साल, मग टाकसाळीची खूण, आणि सर्वांत शेवटी दर्जा. या क्रमामागे कारण आहे. 'जुनं म्हणजे मोलाचं' ही समजूत इतकी घट्ट असते की माणूस आधी साल बघतो आणि १९५७ दिसलं की बाजूला काढतो. पण पैशांची नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली. झिजलेला १९५७ चा नया पैसा आजही मुठीने मिळतो. संग्राहक 'जुनं नाणं' शोधत नसतो. त्याच्या अल्बममध्ये एक खाना रिकामा असतो: अमुक किंमत, अमुक धातू, अमुक साल, अमुक टाकसाळ. त्या खान्यात बसणारी आणि चांगल्या स्थितीत उरलेली नाणी किती, आणि तो खाना रिकामा असलेले लोक किती, यावर भाव ठरतो. किती पाडली हा आकडा सुरुवातीला उपयोगी पडतो. किती उरली आणि कशी उरली हे त्याहून महत्त्वाचं.

धातूने बरीच उकल केली. २५ पैसे हे उत्तम उदाहरण. सुरुवातीची शुद्ध निकेलची, ती चुंबकाला चिकटतात. १९७२ पासूनची तांबं-निकेलची, ती चिकटत नाहीत. १९८८ पासूनची गेंड्याची स्टीलची, ती पुन्हा चिकटतात. एकाच किंमतीचे तीन ढीग चुंबकाने पाच मिनिटांत वेगळे झाले. १ नया पैसा १९६२ मध्ये दोन धातूंत निघाला, आधीचा कांस्याचा आणि नवा निकेल-ब्रासचा. 'नया' हा शब्द जून १९६४ मध्ये गेला, आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमचा चौकोनी पैसा आला. अशी बदलाची वर्षं संग्राहक आधी बघतात, कारण तिथे एका सालाला दोन खाने असतात.

खुणा सालाच्या खाली असतात. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नाही. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर ठिपका 'दिसला' तर तो ठिपका नव्हे, डाग किंवा ओरखडा समजावा. एवढं सांगून मी बाईंवर काम सोपवलं. त्यात माझ्याकडून एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. तिच्याकडे पुढे येतो.

३ पैशांच्या षटकोनी नाण्यांबद्दल घरात फार कुतूहल होतं. तीन पैसे असं नाणं असायचं हेच भाच्याला पटत नव्हतं. १९६४ मध्ये ते आलं आणि चलनासाठी १९७१ पर्यंत पाडलं गेलं. पुढच्या सालांची नाणी संग्राहकांसाठीच्या प्रूफ संचांपुरती. गल्ल्यात येणारी ३ पैशांची नाणी म्हणूनच साधी असतात. खपतात पटकन, कारण लोकांना गंमत वाटते, पण भाव कमीच. मागणी आणि दुर्मीळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी बाईंना या नाण्यावरून समजावलं.

मोठ्या डब्यातून सगळ्यांत चांगलं नाणं निघालं ते टाकाऊ ढिगातून. भाच्याने 'तुटकं' म्हणून फेकलेलं तांबं-निकेलचं २५ पैसे, कडेला चंद्रकोरीसारखा घास गेलेलं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकाची कड नव्या चकतीत येते आणि असा घास पडतो. कानशीने कुणी केलेलं असेल तर ओळखू येतं. खऱ्या टाकसाळी चुकीत घासाच्या बरोबर समोरच्या बाजूची कड पुसट असते, कारण कड वळवणाऱ्या यंत्रात चकतीला तिथे पुरता दाब मिळत नाही. या नाण्यात समोरची कड बोटभर लांबीत विरून गेली होती. वजनही घासाच्या प्रमाणात कमी. मी ते बाईंच्या तळहातावर ठेवलं आणि सांगितलं, हे डब्यातलं सर्वांत चांगलं नाणं.

पुड्या: सगळ्यांत अवघड निर्णय

सुटी नाणी झिजलेली, पण पुड्यांतली कोरी. हाताळणी शून्य, बँकेतून पूजेत आणि पूजेतून पुडीत. अडचण एकच, हळदकुंकू.

१९७१ ची पुडी आम्ही सर्वांत आधी उघडली. वरच्या दोन ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर कुंकवाचा थर घट्ट बसला होता, कडेने थोडा उचलला तर खाली पांढरट खड्डे. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना, टाकणखार असं काही लावून करतात, ते अल्कधर्मी असतं, आणि अल्कली ॲल्युमिनियमला खाते. पन्नास पावसाळ्यांचा दमटपणा त्यावर. पण खाली बघितलं तर बाकीची नऊ नाणी स्वच्छ. वडील नाण्यांची चळत लावत आणि हळदकुंकू वरच वाहत. वरच्या दोन नाण्यांनी खालची नऊ राखली होती.

डाग काढायचे का नाहीत? मी दोन दिवस विचार केला. घासणं बादच होतं. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवणं हा एकच मार्ग मला मान्य होता, कारण ते तेल, मेण, हळदीचा पिवळेपणा असे सेंद्रिय थर विरघळवतं आणि धातूला लागत नाही. नखांच्या पॉलिशचा रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुवास असतात. बाई लगेच तयार झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अण्णांनी वाहिलेलं कुंकू आहे ते." त्यांचं म्हणणं मला पटलं. आम्ही असं ठरवलं: वरची, खड्डे पडलेली नाणी जशी आहेत तशी घरात ठेवायची. खालच्यांपैकी ज्यांना फक्त हळदीचा डाग आहे तेवढीच काचेच्या वाटीत, उघड्या खिडकीशी, न चोळता बुडवायची. २६ नाणी बुडवली. १९ पूर्ण सुटली, सातांवर तांबूस सावली राहिली. चमक एकाचीही गेली नाही.

१९६२ च्या पुडीत सात कांस्याचे आणि चार निकेल-ब्रासचे नये पैसे निघाले. कांस्याच्या दोन नाण्यांवर टाकसाळीतली लाली अजून होती. असं मी हातात घेऊन यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

ठेवण्यासाठी मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या नाहीत. पीव्हीसीतलं मऊपणा आणणारं द्रव्य काही वर्षांत पाझरतं आणि तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे, पारदर्शक पातळ खिडकीचे होल्डर आणले. पिन आडवी चेपून लावायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडते.

निष्पत्ती

चार महिन्यांत १३,६०० रुपये आले. त्यातले ८,९०० फक्त ३१ नाण्यांचे: कड गेलेल्या त्या २५ पैशांचे १,४००, बाकी ३० पुड्यांतली, बहुतेक १९५८ ते १९६४ ची. सालवार लावलेल्या मधल्या दर्जाच्या नाण्यांचे ३,००० झाले. आणि ३,४०० च्या आसपास झिजलेली नाणी त्याच व्यापाऱ्याने किलोवर १,७०० ला घेतली. म्हणजे त्याने सुरुवातीला सांगितलेले २,००० हे जवळपास या झिजलेल्या ढिगाचेच होते.

चिंचेने घासलेल्या कमळाच्या नाण्यांना एकाही संग्राहकाने भाव दिला नाही. ५० पैशांतली १९६४ ची नेहरूंची काही नाणी निघाली, हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही लेखांची. ती झिजलेली होती, पण जोडी म्हणून गेली.

वेगळं काय करता आलं असतं

मोठी चूक माझी. हैदराबादची खूण म्हणजे तारा, एवढंच मी बाईंना सांगितलं होतं. पण साठच्या दशकात हैदराबादने हिऱ्यात ठिपका अशी खूणही वापरली आणि त्याआधी दुभंगलेला हिरा. बाईंनी हिरा दिसेल ते सगळं निष्ठेने मुंबईत टाकलं. ५ पैशांच्या तांबं-निकेलच्या १४ नाण्यांचा एक गट आम्ही 'मुंबई' म्हणून विकल्यावर घेणाऱ्यानेच फोन करून सांगितलं की त्यात चार हैदराबादची आहेत, आणि दोन त्याला कित्येक वर्षं मिळत नव्हती. व्यवहार झाला होता. त्याने वरचे पैसे देऊ केले, बाईंनी घेतले नाहीत. त्यानंतर हिऱ्याचं प्रत्येक नाणं आम्ही तिरप्या उजेडात पुन्हा पाहिलं आणि आणखी नऊ सापडली. खुणांचा पूर्ण तक्ता, सालांसकट, पहिल्या दिवशी कागदावर काढून द्यायला हवा होता.

दुसरं, पुड्या उघडण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढायला हवा होता. पहिल्या तीन आम्ही घाईत उघडल्या आणि त्यांचे कागद फाटले. नंतर एका घेणाऱ्याने नाणी मूळ पुडीसह मागितली, साल लिहिलेल्या कागदासकट, आणि त्या तीन पुड्यांचं काही करता आलं नाही.

तिसऱ्या गोष्टीवर माझं आणि भाच्याचं एकमत नाही. त्याच्या मते सगळ्या पुड्या एकत्र लिलावात द्यायला हव्या होत्या, एका दुकानदाराची ३५ वर्षांची दिवाळी म्हणून. मला वाटतं लिलावात घेणाऱ्याचं कमिशन, विकणाऱ्याचं कमिशन आणि कॅटलॉगमधली एक ओळ यात ती हरवली असती. पैशांच्या नाण्यांचा संग्राहक सहसा एकेक खाना भरणारा असतो, तो अख्खा गठ्ठा उचलत नाही. तरी भाच्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही ते करून पाहिलं नाही.

बाईंनी पाच पुड्या विकल्या नाहीत. १९६२ ची त्यांत आहे. गेल्या दिवाळीला त्यांनी मला बोलावलं होतं. चौरंगावर चिंचेने घासलेली कमळाची वीस पैशांची नाणी चळत लावून मांडली होती, वर हळदकुंकू. १९६२ ची पुडी बाजूला, कपाटात, बंद.